साळवे बाईंचं नाक

साळवे बाई वर्गात आल्या की आधी हजेरी घेत नसत, वास घेत. दिल्लीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत तिसरीला त्या आम्हाला होत्या. हात मागे बांधून, हनुवटी जराशी वर करून त्या बाकांच्या मधून सावकाश चालत जायच्या. मध्येच एखाद्या मुलापाशी थांबायच्या, त्याच्या स्वेटरच्या खांद्याशी वाकायच्या आणि विचारायच्या, "वडील घरात ओढतात?" पोरगं खाली बघत मान हलवायचं. "उद्या त्यांना घेऊन ये. म्हणावं, बाईंनी बोलावलंय."

एके दिवशी त्या माझ्याही स्वेटरपाशी थांबल्या. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसातून अर्धी रजा टाकून आले. केंद्र सरकारातले सेक्शन ऑफिसर, घरात कोणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेले. बाईंनी त्यांना माझ्याच बाकावर बसवलं, गुडघे पोटाशी घेऊन. "सिगरेट तुम्ही ओढता आणि वास माझ्या वर्गात येतो. पोरीची काही चूक नाही, ती पास. तुम्ही नापास," बाई म्हणाल्या. बाबा त्या दिवसापासून जिन्यात जाऊन ओढायला लागले. तिथंही कोणी वर येताना दिसलं की सिगरेट पाठीमागे धरायचे, न जाणो, साळवे बाईंच्या ओळखीचं निघायचं.

बाईंचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं. "ओढणाऱ्याचा वास बोटांत असतो, शेजाऱ्याचा केसांत." त्यामुळे मुलांचे त्या केस हुंगायच्या आणि मोठ्यांची बोटं. दहावीतल्या मुलांना त्या मधल्या सुट्टीनंतर गेटपाशी अडवत आणि हात पुढे करायला लावत, आणि ती दांडगी पोरं मुकाट्यानं हात पुढे करत. एकदा चर्चमधल्या महिन्याच्या मराठी उपासनेनंतर नवे पाळकसाहेब सगळ्यांशी हस्तांदोलन करत दारात उभे होते. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. नाकापाशी नेला आणि प्रेमळ आवाजात म्हणाल्या, "पाळकसाहेब, प्रवचन छान झालं. बोटं मात्र नापास." पुढच्या वेळेपासून पाळकसाहेब बाईंना लांबूनच नमस्कार करायचे.

मी लग्नानंतर गाझियाबादला राहायला आले तेव्हा त्याच इमारतीत बाईंचा फ्लॅट निघाला. लिफ्टमध्ये भेटल्या. इतक्या वर्षांनी मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला, पण माझ्या ओढणीला ओळखायला तेवढाही नाही. "ऑफिसात तुझ्या शेजारचा ओढतो का गं, अनघा?"

"तो गच्चीवर जाऊन ओढतो, बाई."

"पण येऊन बसतो तुझ्याच शेजारी ना? त्याला म्हणावं, तोंड धुवून शर्ट झटकून ये."

मी त्याला तसं काही म्हटलं नाही. पण त्यानंतर तो येऊन बसला की मलाही वास यायला लागला.

अशा बाईंच्या नशिबी नवरा मात्र नेमका सिगरेटवाला. साळवेकाका हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, उंच, मितभाषी. लग्नात मुलीकडच्यांनी चौकशी केली नाही आणि मुलाकडच्यांनी सांगितलं नाही, असं बाई म्हणायच्या. काका बाल्कनीत ओढायचे, बाई बाल्कनीचं दार आतून लावून घ्यायच्या, आणि सिगरेट संपल्यावर काका काचेवर टकटक करून आत घ्यायची विनंती करायचे. थंडीत तर त्यांची कीव यायची. मी एकदा म्हटलं, "काका, सोडून का देत नाही?" तर म्हणाले, "यार, बाहेर उभं राहायला काहीतरी निमित्त पाहिजे ना."

मग काकांच्या किडन्या गेल्या. मधुमेह होता, ब्लड प्रेशर होतं, आणि वर हे धुराचं. डॉक्टरांनी सिगरेट बंद म्हटलं आणि काकांनी बंद केली. इतक्या वर्षांची सवय त्यांनी एक शब्द न बोलता टाकली, पण बाई विश्वास ठेवतील तर शपथ. काका फिरून आले की दारातच, "अहो, बोटं." काका बोटं पुढे करायचे. बाई हुंगायच्या. "पास. या आत." नोव्हेंबरात दिल्लीची हवा अशी होते की सगळं शहरच ओढून आल्यासारखं वाटतं. तेव्हा बाई वैतागायच्या. "या महिन्यात माझं नाक सुट्टीवर. सगळेच नापास."

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. बाईंनी नोकरी सोडली. किडनी कोण देणार हा प्रश्न बाईंनी निघूच दिला नाही. मुलगी सिडनीला, तिची मुलं लहान, तिला फोनवर विषय काढू दिला नाही. "माझा नवरा, माझी किडनी. अर्धा जन्म यांचा धूर सहन केला, एक किडनी काय जड आहे?" रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्या जुळल्या. बाईंची तब्येत अशी की डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुम्ही तर तरुण आहात. बाई दोन दिवस ते वाक्य सगळ्यांना ऐकवत होत्या.

शेवटी एक तपासणी राहिली होती, निकोटीनची. देणारा आणि घेणारा, दोघांच्याही लघवीची. तंबाखू शरीरात गेली असेल तर या तपासणीत कळतं, दुसऱ्याचा धूर गेला असेल तरी थोडंसं दिसतं, असं तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमनी समजावलं. गाडी माझी, म्हणून मीही तिथं होते. बाई इतक्या खूश झाल्या की मला कोपरानं ढोसलं. "बघ, माझ्या नाकाचं मशीन काढलंय यांनी."

मॅडमनी विचारलं, "आप तंबाकू लेती हैं? बीड़ी, सिगरेट, गुटखा, खैनी, कुछ भी?"

"छी!" बाई म्हणाल्या, आणि काकांकडे बोट केलं. "इनसे पूछिए. ये लेते थे. मैंने छुड़वाया."

काकांचा रिपोर्ट स्वच्छ आला. बाईंचा आला नाही.

डॉक्टरांनी आधी काकांनाच झापलं. तुम्ही घरात ओढत असणार, तो धूर मॅडमच्या अंगात जातोय. मग डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि स्वतःच म्हणाले की ओढणाऱ्यात काही नाही आणि शेजाऱ्यात एवढं, असं होत नाही. दुसऱ्याच्या धुरानं इतकं येतच नाही. हे स्वतः घेतल्याशिवाय नाही. त्यांनी बाईंकडे पाहिलं, काकांनी पाहिलं आणि, खरं सांगायचं तर, मीही पाहिलं. बोटं नापास ठरल्यावर पाळकसाहेबांचा झाला असेल तसा बाईंचा चेहरा झाला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या. "मशीन बिघडलंय. दुसरीकडे करू." दुसऱ्या लॅबमध्ये केलं. तिथंही तेच. हॉस्पिटलात किडनीची फाइल तशीच थांबली. जोपर्यंत देणारा स्वच्छ नाही, तोपर्यंत ऑपरेशनची तारीख नाही.

तो दुसरा रिपोर्ट घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा दुपार होती. काका सोफ्यावर टेकले. मी पाणी आणायला गेले. बाई आत गेल्या, एक छोटा गोल डबा घेऊन आल्या आणि बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसल्या. हा डबा मी अनेकदा पाहिला होता. त्यात काळी पूड असायची. मी दिल्लीत वाढलेली, मला वाटायचं ती राखुंडी असेल. बाईंनी बोट पुडीत बुडवलं आणि हिरड्यांवर फिरवायला लागल्या. मन थाऱ्यावर नसलं की त्या तेच करायच्या.

काका त्यांच्याकडे बघत होते.

"सगुणा."

"ऊं?"

"ते काय आहे?"

"मशेरी. दिसत नाही?"

"कशाची करतात?"

बाईंचं बोट तोंडातच थांबलं.

मी ग्लास हातात धरून उभी. "मशेरी म्हणजे काय?" मी विचारलं. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरात नव्हतेच. मग काकांनीच सांगितलं, तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि चुरायची. नगरकडच्या खेड्यात यांच्या आया, आज्या, सगळ्या बायका लावायच्या. बाईंची बहीण लसणीच्या चटणीबरोबर पानं पाठवायची. बाई महिन्यातून एकदा घरीच भाजायच्या, खिडक्या उघड्या टाकून. तो जळका वास मला वर माझ्या घरात यायचा आणि मी म्हणायचे, बाईंची पोळी करपली.

"मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे," बाई म्हणाल्या. "तंबाखू लोक खातात. ही दाताला लावायची असते. थुंकून टाकायची. मी गिळते का कधी?" वर्गात पकडलेलं मूल खुलासा करतं तसा तो आवाज होता. मग त्या एकदम म्हणाल्या, "हॉस्पिटलात विचारलं होतं, सुबह क्या लेती हो. मी म्हटलं, मंजन."

काका हसले नाहीत. आयुष्यभराचा हिशेब चुकता करायची संधी होती, बोटं पुढे करून करून थकलेल्या माणसाला ती हवीशी वाटली असती. ते एवढंच म्हणाले, "पहिली डबी मीच तुला गावाहून आणून दिली होती. मलासुद्धा कधी सुचलं नाही." लोकांच्या डोळ्यांतली कुसळं शोधत फिरणाऱ्या बाईंच्या घरात हे मुसळ रोज सकाळी डबीत उघडंच पडलेलं होतं, आणि दोघांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं.

कोऑर्डिनेटर मॅडम बिहारच्या होत्या. त्यांना लगेच कळलं. "अरे, हमारे यहाँ गुल करती हैं औरतें. वही चीज़." डॉक्टर म्हणाले, आजपासून बंद. एक तपासणी स्वच्छ आली पाहिजे, मग मध्ये काही काळ जाऊ देऊन दुसरी. दोन्ही स्वच्छ, मग पुढं.

बाईंनी मशेरी सोडली, आणि पहिल्यांदा मी त्यांना कशासमोर तरी हरताना पाहिलं. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, हिरड्या ठणकायच्या. भांडी आपटायच्या. मोलकरणीवर ओरडायच्या आणि मग तिला चहा करून द्यायच्या. मला एकदा म्हणाल्या, "इतकी पोरं नापास केली, त्यांच्या बापांना काय होत असेल ते आता कळतंय." एवढं बोलून लगेच, "तरी चूक ती चूकच हं."

आता घरातली परीक्षा उलटी झाली होती. रोज सकाळी चहाच्या आधी बाई स्वतःहून काकांसमोर जायच्या आणि उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांच्या नाकाखाली धरायच्या. काका डोळे मिटून दीर्घ वास घ्यायचे. "पास." त्यांच्या आवाजात थोडीशी मिजास यायची. या दुखण्यात तेवढीच त्यांची मजा होती.

एकदा बाई भाजी आणायला गेल्या असताना काका मला म्हणाले, "अनघा, तुला एक सांगू? डायलिसिस सुरू झाल्यापासून मला कशाचाच वास येत नाही. तिथलं फिनाइलसुद्धा नाही."

"मग पास कशावरून म्हणता?"

"तिला बरं वाटतं. तू बोलू नकोस हां."

मी बोलले नाही.

पहिली तपासणी स्वच्छ आली. बाईंनी त्या दिवशी करंज्या केल्या, नाताळ लांब असताना. काकांना साखर चालत नव्हती, त्यांना नुसता वास घ्या म्हणाल्या, आणि काकांनी माझ्याकडे बघत वास घेतला आणि म्हणाले, "बिल्कुल आईसारखी."

दुसऱ्या तपासणीची वेळ यायच्या आधी काकांना ताप आला. डायलिसिसची नळी होती तिथून संसर्ग झाला, तो रक्तात गेला. आयसीयूच्या बाहेर बाई बसून होत्या, मांडीवर पर्स, तिच्यात काकांचा चष्मा. काका गेले तेव्हा नर्सनं बाहेर येऊन सांगितलं आणि बाई म्हणाल्या, "अच्छा." एवढंच. इतक्या वर्षांच्या दिल्लीनंतर तोंडात बसलेला शब्द.

बाईंनी डॉक्टरांना विचारलं, आमच्यामुळे उशीर झाला का? त्यांनी "आमच्यामुळे" म्हटलं, पण त्यांना काय म्हणायचं होतं ते कळत होतं. डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही, कमिटीची मंजुरी वगैरेत तसाही वेळ गेला असता. ते खरं असेल. बाईंनी मान हलवली. मीही हलवली. मला रडू आलं नाही. काकांना दफन केलं त्या दिवसाचं मला जे आठवतं ते आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं आठवतं. पाळकसाहेबांचे ओठ हलत होते, सिडनीहून आलेली मुलगी बाईंना धरून उभी होती, माती ओली होती. नंतर घर माणसांनी भरलं. काकांचे ऑफिसातले दोस्त जिन्यात ओढून आत यायचे आणि बाईंच्या शेजारी बसायचे. बाईंनी नाक वर केलं नाही. त्यांना वास आला नाही की आला आणि काही वाटलं नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मुलगी महिन्यानं परत गेली.

त्यानंतर एके सकाळी कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला. फोन बाईंनी स्पीकरवर टाकला होता, मी समोर बसले होते. मॅडम मधल्या काळात रजेवर असाव्यात, कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. "मैडम, आपका सेकंड टेस्ट ड्यू है. इस हफ्ते आ जाइए." मी हात पुढे करून फोन घ्यायला लागले. बाईंनी मला थांबवलं. "हाँ," त्या म्हणाल्या, "आ जाऊँगी."

"बाई, कशाला?"

"बोलावलंय ना? मग जायचं." त्यांनी हे अशा तऱ्हेनं सांगितलं जसं बाबांना बोलावलं होतं तेव्हा बाबांनी जावं हे उघडच होतं.

मी सुट्टी टाकली आणि त्यांना घेऊन गेले. त्यांनी नमुना दिला. कोऑर्डिनेटर मॅडमना तोवर कुणीतरी सांगितलं होतं. त्या धावत आल्या, सॉरी सॉरी म्हणत राहिल्या, हे रद्द करते म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "नहीं, देख लीजिए." आम्ही बाकावर बसून राहिलो. समोर एक जोडपं बसलं होतं, नवऱ्याच्या हाताला पट्टी, बायको फाइल उराशी धरून. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं मॅडम आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नेगेटिव है, मैडम. बिल्कुल क्लीन."

बाई म्हणाल्या, "थैंक यू." आणि उठल्या.

गाडीत बसलो. मी पट्टा लावला, चावी फिरवली नाही. बाई पुढे बघत म्हणाल्या, "यांना वास येत नव्हता गं."

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला माहीत होतं. सुरुवातीला एकदा मला राहवलं नाही. सकाळी लावली, बोट नुसतं पुसलं आणि त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, आता बोलतील. ते म्हणाले, पास. तेव्हा कळलं, यांचं नाक गेलंय. आत गेले आणि डबा कचऱ्यात टाकला. तो दिवस शेवटचा. नंतर रोज बोट धरायचे ते खरंच स्वच्छ होतं. पण त्यांना कुठं कळत होतं?"

पार्किंगवाल्यानं काचेवर टकटक केली, निघा म्हणून. मी त्याला हातानं थांब म्हटलं.

बाईंनी उजवा हात उचलला आणि पहिलं बोट माझ्या नाकाखाली धरलं. "तुला येतो ना वास? तू बघ."

मी डोळे मिटून दीर्घ वास घेतला. हॉस्पिटलच्या साबणाचा वास होता, आणि त्याच्याखाली सकाळच्या लसणीचा. बाकी काही नव्हतं.

"पास, बाई," मी म्हटलं.

त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर दुसरा हात ठेवला. "चल," त्या म्हणाल्या, "ट्रॅफिक वाढेल."